ऑपरेशनच्या आधीचं काम: बाळाच्या तोंडातली प्लेट आणि गालावरच्या पट्ट्या

कंपनीतल्या एका मित्राच्या बहिणीला मागच्या महिन्यात मुलगा झाला, ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले. मित्राने मला फोन केला कारण माझ्या लेकीचं पण तेच होतं हे त्याला माहीत होतं. अर्धा पाऊण तास बोललो, मग त्याच्या भावजींशी बोललो, मग परत रात्री त्या बहिणीच्या सासूबाईंशी. सगळ्यांचे प्रश्न तेच जे आमचे होते, आणि सगळ्यांना कोणीतरी तेच सांगितलेलं जे आम्हाला सांगितलं होतं की आत्ता काही करायचं नाही, तीन महिन्यांनी ऑपरेशनला आणा. म्हणून आता नीट लिहूनच काढतो, कारण त्या तीन महिन्यांतच खूप काही करता येतं आणि ते बहुतेक आईबापाच्याच हातून होतं.

आमची लेक वाईला झाली, बायकोच्या माहेरी. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं किंवा दिसलं असेल तर आम्हाला कोणी बोललं नाही. डाव्या बाजूचा ओठ थेट नाकपुडीपर्यंत उघडा, हिरडीत फट, आणि आत टाळू मागपर्यंत उघडी. नाकाची डावी बाजू चपटी होऊन गालावर पसरलेली. सिझर झालं होतं त्यामुळे बायको अजून गुंगीत आणि मला बाहेर बोलवून दाखवलं. लेबर रूमच्या बाहेर सगळे एकदम गप्प झाले ते मला अजून आठवतं, कोणी पेढे म्हणेना, कोणी काही म्हणेना.

मग दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले. ग्रहणात काही चिरलं होतं का, सुई हातात घेतली होती का, बाहेर गेली होती का. शेजारच्या एक आजी तर तारीख मोजायला बसल्या. बायको पलंगावर पडून हे सगळं ऐकत होती आणि रडत होती. बालरोगतज्ज्ञ मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी मुद्दाम सगळ्यांना खोलीत थांबायला सांगितलं आणि मॅडमना म्हणलं की हे कशामुळे होतं ते यांच्यासमोर सांगा. त्यांनी सांगितलं की पोटात बाळाचा ओठ सहाव्या सातव्या आठवड्यापर्यंत जुळून येतो आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ओठाचं काम तर बाईला दिवस गेलेत हे धड कळतंय तोवर होऊनही गेलेलं असतं. साधारण सातशे बाळांमागे एकाला असं होतं, कधी घराण्यात असतं, कधी काही औषधांचा संबंध असतो, बहुतेक वेळा एकच एक कारण सांगताच येत नाही. ग्रहणाचा आणि विळीचा काही संबंध नाही. एवढं डॉक्टरांच्या तोंडून आल्यावर घरातलं ते बोलणं थांबलं. तुमच्याकडे कोणी असं बोलत असेल तर पहिल्याच दिवशी थांबवा, त्या बाईला नंतर इतकं काम करायचं असतं की हा भार वर नको.

पहिला खरा प्रश्न दुधाचा. टाळू उघडी असली की बाळाला ओढच तयार करता येत नाही, तोंडात हवेची पोकळी बंद व्हायला लागते ती होत नाही, त्यामुळे ते छातीशी लावलं तरी नुसतं चोखत राहतं, दमतं आणि झोपतं, आपल्याला वाटतं प्यायलं. पोटात काही गेलेलं नसतं. आणि जे जातं त्यातलं नाकातून बाहेर येतं, ते बघून पहिल्यांदा बायको इतकी घाबरली की तिने पाजणंच बंद केलं. तिथल्या एका सिस्टरनी आम्हाला सावरलं. त्यांनी सांगितलं की आईचं दूध काढायचं, पंपाने काढा नाहीतर हाताने, आणि बोंडल्याने द्यायचं. आपलं जुनं चोचीचं बोंडलं, तेच. बाळाला आडवं कधीच पाजायचं नाही, जवळजवळ बसतं धरायचं, डोकं वर, थोडं थोडं गालाच्या आतल्या बाजूला सोडायचं आणि ते गिळेपर्यंत थांबायचं. मध्येमध्ये उभं धरून ढेकर काढायची कारण अशी बाळं दुधाबरोबर हवा खूप गिळतात. आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ एक पाजणं चालवायचं नाही, नाहीतर बाळ जेवढं पितं त्यापेक्षा जास्त दमण्यातच घालवतं. नाकातून दूध आलं तर पुसायचं आणि पुढे चालू.

या बाळांसाठी खास बाटली पण मिळते, झडप असलेली आणि दाबता येईल अशी मऊ, म्हणजे बाळाने नुसतं चावलं तरी दूध येतं. आम्ही नंतर ती पण वापरली पण रात्रीच्या वेळी सासूबाईंचा हात बोंडल्यावरच बसला होता आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे लेक सगळ्यात पटकन प्यायची. वजनाची वही केली. जन्माचं वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, ते सगळ्याच बाळांचं उतरतं, पण त्यानंतर रोज वीस तीस ग्रॅमच्या हिशोबाने वाढायला पाहिजे असं सांगितलेलं. ती वही पुढे प्रत्येक डॉक्टरने आधी मागितली.

आता प्लेटकडे येतो. डिस्चार्जच्या वेळी एका डॉक्टरांनी सांगितलं की तीन महिन्यांनी ऑपरेशनला घेऊन या, तोवर फक्त वजन वाढवा. त्यांचं वजनाचं बोलणं बरोबर होतं पण तीन महिने थांबा हे जे होतं त्याने आमची संधी गेली असती. आमच्या नशिबाने गावातल्या आशाताई घरी आल्या तेव्हा त्यांनी बाळाची नोंद केली आणि सांगितलं की सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मतः दुभंगलेला ओठ आणि टाळू येतं, जिल्ह्याच्या ठिकाणी सेंटर असतं, तिथे दाखवा. (हा कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, तरी गावोगावी लोकांना त्याचा पत्ता नसतो.) तिथे दाखवल्यावर त्यांनी पुण्याच्या एका क्लेफ्ट सेंटरचं, म्हणजे दुभंगलेल्या ओठ-टाळूवर उपचार करणाऱ्या केंद्राचं, नाव दिलं आणि म्हणले लवकर जा, या आठवड्यातच जा, ऑपरेशनसाठी नाही तर आधीच्या ट्रीटमेंटसाठी. लेक तेव्हा जेमतेम दहा बारा दिवसांची असेल. सिझर झालेली बायको, तेवढंसं बाळ, घरात सगळे नको म्हणत होते, मी गाडी ठरवली आणि गेलो.

तिथल्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. नवजात बाळाच्या अंगात आईकडून आलेलं इस्ट्रोजेन भरपूर असतं आणि त्यामुळे पहिले काही आठवडे त्याच्या कूर्चा (नाका-कानातली लवचिक हाडं) एकदम मऊ असतात, वळवाल तशा वळतात आणि तिथेच राहतात. हे आधी जपानमधल्या डॉक्टरांनी कानाच्या बाबतीत वापरलं होतं, जन्मतः वाकडा असलेला कान पहिल्या दिवसांत आकार देऊन सरळ करायचा. नाकाचा शेंडा आणि नाकपुडी पण कूर्चेचीच. मग 1990 नंतरच्या काळात न्यूयॉर्कमधल्या ग्रेसन आणि कटिंग या डॉक्टरांनी हिरडीची प्लेट आणि नाकाला उचलणारा आधार असं दोन्ही एकत्र करून ही पद्धत बसवली. तिला नॅम म्हणतात, नेझोअल्व्हिओलर मोल्डिंग, पण सेंटरमध्ये सगळे नुसतं प्लेट म्हणतात. जसे दिवस जातात तसं ते इस्ट्रोजेन उतरतं आणि कूर्चा घट्ट होत जाते, तीन चार महिन्यांच्या बाळावर तेवढा परिणाम मिळत नाही. म्हणून पहिल्या दोन तीन आठवड्यांत पोचणं महत्त्वाचं.

करायचं काय असतं, तर हिरडीचे दोन तुकडे जे लांब गेलेत ते हळूहळू जवळ आणायचे, ओठाच्या दोन कडा जवळ आणायच्या आणि पसरलेली नाकपुडी उचलून गोल करायची. म्हणजे सर्जन जेव्हा ओठ शिवतील तेव्हा टाक्यांवर ताण कमी येतो आणि नाकाचं काम सोपं होतं. मी सरळ विचारलं की हे केलंच पाहिजे का, नाही केलं तर ऑपरेशन होणार नाही का? मॅडमनी खरं काय ते सांगितलं. ऑपरेशन याच्याशिवाय पण होतं, चांगलं होतं, जगातले सगळे सर्जन प्लेट वापरतात असं नाही, काही जण फक्त टेप लावतात. नेदरलँड्समध्ये नाकाचा भाग नसलेल्या, नुसत्या टाळूच्या जुन्या पद्धतीच्या प्लेटवर मोठा अभ्यास झाला होता आणि त्यात पुढे टिकणारा फायदा दिसला नाही, हे पण त्यांनी सांगितलं. तुमच्या लेकीची फट रुंद आहे आणि नाक खूप बसलंय म्हणून मी सुचवतेय, पण घरून रोज काम करणार असाल तरच करू, अर्धवट सोडायचं असेल तर नको. हे बोलणं मला फार आवडलं. मी एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, आमच्याकडे पण जो माणूस हे होईल आणि हे होणार नाही असं दोन्ही सांगतो त्याच्यावरच विश्वास ठेवावा लागतो.

माप घेणं हा सगळ्यात अवघड भाग, निदान बघणाऱ्याला. बाळ उपाशी असायला लागतं, त्यामुळे ते आधीच रडत असतं. भूल देत नाहीत. हॉस्पिटलमध्येच करतात, सर्जन शेजारी, सक्शन मशीन चालू. बाळाला पालथं, डोकं खाली करून धरतात म्हणजे जीभ पुढे येते आणि श्वासाची वाट मोकळी राहते, जास्तीचं काही असेल तर बाहेरच पडतं. मग मऊ पुट्टीसारखं मटेरियल छोट्या ट्रेमधून वर टाळूला दाबून धरायचं, ते सेट होईपर्यंत. मला मॅडम म्हणाल्या, रडू दे तिला, रडतेय म्हणजे श्वास घेतेय. ते वाक्य मी धरून उभा होतो. बायको बाहेर बसली होती, तिला मी आत येऊ दिलं नाही आणि ती पण हट्ट धरून बसली नाही. मिनिट दोन मिनिटांचं काम पण फार लांब वाटतं. झाल्यावर तोंडात मटेरियलचा कण राहिला नाही ना हे बोट फिरवून बघितलं, आणि लगेच दूध.

त्या मापावरून साचा करतात आणि त्याच्यावर ॲक्रिलिकची प्लेट, कवळीचं जे मटेरियल असतं तेच. टाळूला झाकणारी, गुळगुळीत, मध्ये एक भोक ठेवलेलं, का तर चुकून प्लेट घसरून मागे गेली तरी श्वास अडू नये. पुढे ओठाच्या बाहेर येणारं एक छोटं बटण, त्याला रबर अडकवायचं. पहिल्या दिवशी लेकीने ओकाऱ्या काढल्या, लाळच लाळ, जिभेने ढकलून ढकलून बाहेर काढायला बघत होती. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून सवय झाली. आणि एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती तरी दिसली, टाळू झाकली गेल्यामुळे नाकातून दूध येणं एकदम कमी झालं, पाजायचा वेळ पण कमी झाला. सगळ्यांना असा अनुभव येतोच असं नाही म्हणतात पण आमचा आला.

आता टेप. खरं काम हेच आहे. दोन्ही गालांवर आधी एक जाडसर, त्वचेला सांभाळणारी पट्टी चिकटवायची, ती तीन चार दिवस ठेवायची. तिच्यावर दुसरी बारीक पट्टी, टाके काढल्यावर लावतात तसली कागदी, आणि तिच्या टोकात अडकवलेलं दाताच्या तारेवाल्यांचं छोटं रबर. रबर प्लेटच्या बटणाला अडकवायचं आणि पट्टी मागे वर ओढून गालावरच्या पट्टीवर चिकटवायची, रबर मूळ आकाराच्या साधारण दुप्पट ताणलं गेलं पाहिजे. सैल राहिलं तर प्लेट पडते, जास्त ताणलं तर गाल सोलतो आणि हिरडीला जखम होते. शिवाय ओठाच्या दोन कडांना जवळ आणणारी वेगळी पट्टी, नाकाच्या बुडाशी, कुठली बाजू आधी चिकटवायची आणि किती ओढायची हे सेंटरमध्ये आमच्याच हाताने दोन तीन वेळा करून घेतलं. मी त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला, सगळ्यांनी काढा, घरी आल्यावर डोकं चालत नाही.

रोज एकदा प्लेट काढून धुवायची, मऊ ब्रश आणि साधं पाणी, उकळतं पाणी अजिबात नाही कारण ॲक्रिलिक वाकतं. तोंड ओल्या कापडाने पुसायचं, टाळूला कुठे लाल झालंय का बघायला टॉर्च. गाल ओला करून पट्टी भिजवायची मग काढायची, कोरडी खेचली तर त्वचा निघते. हे सगळं होईपर्यंत बाळ रडणार, तिला दुपट्यात हात आत घालून गुंडाळायचं, एकाने डोकं धरायचं एकाने पट्टी लावायची. मी रात्रपाळीहून वाईला यायचो तेव्हा सकाळचं माझ्याकडे, दिवसपाळी असेल तेव्हा बायको आणि सासूबाई. सासूबाई पहिले काही दिवस हातच लावेनात, मला नको सांगू म्हणायच्या बायकोला, आणि मग महिन्याभराने परिस्थिती अशी की मी पट्टी लावली की त्या चष्मा लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "जावई, डावीकडचं रबर जरा ढिलं वाटतंय बघा." आणि ते असायचं.

उन्हाळा होता. वाईला एप्रिल मे मध्ये गालावरच्या पट्टीखाली घाम, त्याने पुरळ, पट्टी निसटायची. त्यावर उपाय म्हणजे पट्टीची जागा दर वेळी थोडी बदलायची, लावायच्या आधी गाल पूर्ण कोरडा करायचा, तेल पावडर काही नाही. तेल मालिश करणाऱ्या बाई रोज यायच्या, त्यांना तोंडाला हात लावायचा नाही असं सांगावं लागलं, त्या नाराज झाल्या पण ऐकलं.

बारसं केलं तेव्हा प्लेट आणि पट्ट्या लावलेल्याच होत्या. बायकोच्या एका काकूंनी म्हणलं, फोटोपुरत्या काढा की पट्ट्या, चेहरा दिसू दे. मी काही बोलायच्या आत माझी आई बोलली, "पट्टीसकट काढा फोटो, मोठी झाल्यावर तिला दाखवू काय काय केलं ते." आमच्याकडे तो फोटो आहे आणि त्यात लेक झोपलेली आहे.

दर आठवड्याला पुणे. सकाळी वाईहून स्वारगेटची एसटी, खंबाटकीत ट्रॅफिक लागला की सगळं वेळापत्रक गेलं, आणि बाळाला बसमध्ये पाजायचं म्हणजे काढलेलं दूध, बोंडलं, पाणी, सुती कापडं सगळं बरोबर. सेंटरला पोचल्यावर दोन तास थांबायचं आणि खुर्चीवरचं काम वीस मिनिटांचं. मॅडम प्लेट काढून आतून एका बाजूचं ॲक्रिलिक बारीक घासायच्या आणि दुसऱ्या बाजूला मऊ मटेरियलचा थर द्यायच्या. एका वेळी फार फार तर एक मिलिमीटर. मग हिरडी त्या घासलेल्या जागेकडे सरकते, कारण बाळाची हिरडी वाढत असते आणि तिला जिकडे जागा मिळेल तिकडे ती जाते. मला हे एकदम पटलं, मी दिवसभर व्हर्नियर हातात धरतो, एक मिलिमीटर काय चीज आहे ते मला माहितीय. आमची फट सुरुवातीला अकरा मिलिमीटर होती. त्या मोजायच्या आणि मी वहीत लिहायचो, नऊ, साडेसात, सहा. एका आठवड्यात काहीच हललं नाही तेव्हा मॅडमनी पट्टी कोण लावतं, रात्री निघते का, किती तास प्लेट तोंडात असते हे सगळं विचारलं. चोवीस तास पाहिजे, फक्त साफ करायला काढायची.

त्या वेटिंगमध्ये बरीच माणसं ओळखीची झाली. सोलापूरकडची एक ताई होती, तिच्या मुलाचं दोन्ही बाजूंचं होतं, मधला भाग नाकाखालून पुढे आलेला, त्याला मागे आणायचं होतं, त्यांचं काम आमच्यापेक्षा किती तरी अवघड. ती नवऱ्याशिवाय एकटी यायची, रात्रीची गाडी पकडून. एक शेतमजूर जोडपं होतं, दर खेपेला दोघांची मजुरी बुडायची आणि गाडीभाडं वेगळं, ते मध्येच यायचे बंद झाले. स्माइल ट्रेनसारख्या संस्थांमुळे मोफत होतं हे खूप मोठं आहे, पण दर आठवड्याच्या प्रवासाचे पैसे आणि बुडालेला रोज याचं काय, याचा विचार कोणीतरी करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तालुक्याच्या ठिकाणी हे घासायचं काम शिकलेला एक दातांचा डॉक्टर असला तर किती बाळांचं अर्धवट राहणार नाही. लांबच्या लोकांना डॉक्टर कधीकधी प्लेटऐवजी नुसती ताणाची टेप आणि नाकात अडकवायचा तयार हूक असा पर्याय पण देतात, त्यात खेपा कमी लागतात, पण तो कोणाला चालेल ते त्यांनीच बघून ठरवायचं.

फट पाच मिलिमीटरच्या खाली आल्यावर नाकाचं काम सुरू झालं. प्लेटला पुढून एक स्टीलच्या तारेचा वळवलेला हात जोडतात, टोकाला मऊ ॲक्रिलिकची छोटी गाठ, ती डाव्या नाकपुडीत जाते आणि नाक आतून वर उचलते. आधी का नाही लावत हे मी विचारलं होतं, कारण मला घाई होती. फट रुंद असताना नाकपुडी ओढली तर तिचा घेर वाढून ती मोठीच होऊन बसते, म्हणून आधी हिरडी, मग नाक. दर आठवड्याला ती गाठ थोडी वाढवायची, नाकाच्या शेंड्याजवळची कातडी जराशी पांढरट दिसते एवढाच दाब. दिसायला ते पट्ट्यांपेक्षा भारी वाटतं. एसटीत बायका विचारायच्या काय झालं बाळाला, अॅक्सिडेंट झाला का. बायको सुरुवातीला पदर ओढून घ्यायची, नंतर तिने सगळ्यांना नीट समजावून सांगायला सुरुवात केली, आणि एकदा एका बाईने ऐकून स्वतःच्या भाचीच्या बाळासाठी सेंटरचा नंबर लिहून घेतला.

अडचणी आल्या. एकदा प्लेटच्या कडेने आत जखम झाली, लेक दूध घेईना, तोंडाला काही लावलं की किंचाळायची. टॉर्चने बघितलं तर पांढरा डाग. मॅडमना फोटो पाठवला, त्यांनी प्लेट काढून ठेवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी बोलवून ती कड घासून दिली, दोन दिवसांत भरून आलं. असं काही दिसलं तर आपल्या मनाने प्लेट आठवडाभर काढून ठेवू नका, हिरडी परत सरकते आणि मग प्लेट बसतच नाही, फोन करा. सर्दी झाली तेव्हा पण त्यांना विचारूनच केलं सगळं. लसी मात्र सगळ्या वेळेवर घेतल्या, प्लेट आहे म्हणून एक पण पुढे ढकलली नाही. कानाची तपासणी पण करून घेतली, अशा बाळांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, ते बाहेरून कळत नाही.

ऑपरेशनसाठी जुना दहाचा नियम सांगतात, दहा आठवडे वय, दहा पाउंड म्हणजे साडेचार किलो वजन आणि दहा हिमोग्लोबिन. आमचं वय झालं, वजन झालं आणि हिमोग्लोबिन साडेआठ आलं. दोन तीन महिन्यांच्या वयात सगळ्याच बाळांचं खाली येतं म्हणले, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तारीख दिली नाही. आयर्नचे थेंब सुरू झाले आणि प्लेट अजून काही आठवडे चालली. घरात सगळे वैतागले होते तोवर, बायको म्हणाली, "अहो, मला आता हिच्या तोंडात काही नसलेलं बघायचंय." तेवढं मात्र झालं की त्या वाढीव आठवड्यांत नाक अजून वर आलं आणि फट दोन मिलिमीटरवर आली.

मग ओठाचं ऑपरेशन झालं, साधारण पाचव्या महिन्यात. आईचं दूध चार तास आधी बंद, प्लेट काढून आमच्या हातात दिली आणि लेकीला आत नेलं. बाहेर आली तेव्हा ओठ सुजलेला, टाके दिसत होते, नाकपुड्या दोन्ही गोल. बायको आधी ओळखेनाच तिला, खरंच, दोन मिनिटं नुसती बघत राहिली, तिला तो उघडा ओठच पाठ झाला होता. हाताने टाके ओढू नयेत म्हणून कोपराला पट्ट्या बांधलेल्या, दूध परत बोंडल्याने. नाकात काही महिने सिलिकॉनची छोटी नळी ठेवायची म्हणजे उचललेलं नाक परत बसत नाही, ते पण टेपनेच धरायचं, आणि तोवर आमचा सगळ्यांचा टेपवर हात बसलेला असल्यामुळे त्याचं काहीच वाटलं नाही. सर्जन म्हणाले प्लेटमुळे मला ओठाच्या कडा ताण न देता जुळवता आल्या. टाळूचं ऑपरेशन त्यानंतर, लेक वर्षाची होईल त्या सुमारास, मग बोलण्याची थेरपी, हिरडीत हाड भरायचं ते आठ दहा वर्षांची झाल्यावर. नाकाला पुढे परत हात लावावा लागू शकतो हे पण आधीच सांगितलेलं आहे. ते सगळं वेगळं लिहीन.

मित्राच्या भावजींना जे सांगितलं ते इथे पण सांगतो. बाळ दोन आठवड्यांचं व्हायच्या आत क्लेफ्ट सेंटरला फोन करा, आणि फोनवर हे विचारा: ऑपरेशनच्या आधीची प्लेट तुमच्याकडे करतात का, माप कुठे घेता आणि तेव्हा सर्जन हजर असतात का, दर आठवड्याला कोण बघणार, रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा, प्लेटचा आणि टेपचा खर्च किती आणि त्यातलं मोफत काय, आणि दूध पाजायचं शिकवायला कोणी आहे का. आशाताईंकडे बाळाची नोंद करून घ्या. वजनाची वही आजपासून सुरू करा. सेंटरला पहिल्यांदा जाताना नवरा बायको दोघं जा आणि घरातलं अजून एक माणूस न्या, ज्याला पट्टी लावायला शिकायचंय असं, कारण दोघांपैकी एक आजारी पडणार, एकाची ड्युटी असणार, आणि पट्टी त्या दिवशी पण लावायची आहे.